दक्षिणेकडे तोंड

युसूफ मिस्त्री कुठल्याही गावात कामाला गेले की पिशवी उघडायच्या आधी एक काठी मागायचे. तुरीची, पऱ्हाटीची, बांबूची, कसलीही चालायची, फक्त सरळ हवी. ती मोकळ्या जागी रोवायची, ओळंबा धरून सरळ उभी आहे ना ते बघायचं आणि मग निवांत चहा घेत बसायचं. थोड्या थोड्या वेळाने उठून सावलीच्या टोकावर एक खडा ठेवायचा. लोक आधी गंमत म्हणून बघत, मग कंटाळून निघून जात. मिस्त्री कंटाळत नसत. दुपार कलली की ते खड्यांच्या रांगेतली सगळ्यात आखूड सावली शोधत, तिच्यावर सुतळी ताणत आणि म्हणत, "हे घ्या, तुमची उत्तर-दक्षिण. आता उघडू पिशवी."

मी हे पहिल्यांदा एका शेतावरच्या सौर पंपाच्या कामात पाहिलं तेव्हा मला हसू आलं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. आमचं गाव शेलूबाजारपासून सात-आठ किलोमीटर आत, आणि विज्ञानाच्या बाबतीत गावात शेवटचा शब्द माझा. मी खिशातून मोबाइल काढून त्यांना होकायंत्र दाखवलं. म्हटलं, "मिस्त्री, एवढा खटाटोप कशाला? ही बघा उत्तर." त्यांनी मोबाइल हातात घेतला, बोअरच्या लोखंडी पाइपाजवळ नेला. सुई भलतीकडे फिरली. मग काठीजवळ आणला, सुई पुन्हा फिरली.

"मास्तर, तुमची उत्तर लोखंड पाहून बदलते," ते म्हणाले. "सूर्याले लोखंडाशी काही घेनंदेनं नाई."

मी मोबाइल खिशात घातला. त्या दिवसापासून आमची दोस्ती झाली, असं मी बरेच दिवस लोकांना सांगत असे. आता सांगायची लाज वाटते. दोस्तीचं काम त्यांनी केलं होतं, मी नाही.

शेलूबाजारला हायवेवर त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. पन्नाशी उलटलेला बारीक माणूस, कोपरापर्यंत वार्निशचे डाग, चश्म्याच्या दांडीला तांब्याची तार गुंडाळलेली. शिक्षण सातवी. पुढे शेतांवर सौर पंप यायला लागले, तेव्हा वादळात फुटलेली, एका शेतकऱ्याने भंगारात टाकलेली सौर प्लेट त्यांनी मागून आणली आणि महिनाभर ती उन्हात इकडून तिकडे फिरवत, मीटर लावून बघत बसले. त्यातून ते शिकले. नंतर एका संस्थेचं प्रशिक्षणही झालं, सर्टिफिकेट मिळालं, पण दुकानात फ्रेम करून टांगली होती ती फुटकी प्लेट. प्रत्येक कामाच्या शेवटी ते प्लेटांच्या लोखंडी खांबाच्या पायथ्याशी लाल रंगाने स्वतःचं नाव आणि मोबाइल नंबर लिहायचे. मी विचारलं, "जाहिरात का?" तर म्हणाले, "जाहिरात कायची, मास्तर. बिघडलं तं शिव्या द्याले नाव नको काय?"

एकदा मी त्यांना माझ्या वर्गात बोलावलं. नववीचा वर्ग. मी आदल्या दिवशी फळ्यावर सिलिकॉन, इलेक्ट्रॉन, विभवांतर असं सगळं व्यवस्थित लिहून दिलं होतं आणि मुलांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की काहीच पोचलेलं नाही. मिस्त्री वर्गात आले, पायातल्या चपला दाराशी काढल्या आणि खुर्चीवर न बसता टेबलाला टेकून उभे राहिले.

"प्लेट ऊन खाते, बरोबर? पण उन्हात दोन गोष्टी असतात, गरमी अन् उजेड. ते काय खाते?"

"गरमी!" सगळा वर्ग ओरडला.

"चुकलं. उजेड खाते. गरमी झाली तं तिले ताप येते, मंग ते काम कमी करते. मे महिन्यात आपल्यासारखीच सुस्त पडते. उजेडाचा कण आत शिरला का आतला एक कण जागेवरून उठवते. तो उठला का पुढच्याले रेटते. अशी रेटारेटी सुरू झाली का तिलेच म्हणतात करंट." मग त्यांनी सहा मुलांना एकमेकांचे हात धरून रांगेत उभं केलं आणि मधल्याला म्हणाले, "तू बस." तो बसला, तशी सगळी रांग वाकली. "एका लाइनीतल्या एका प्लेटीवर सावली पडली का हे असं होते. सावली एकीवर, अन् लंगडतात साऱ्या."

माझ्या वीस वर्षांच्या शिकवण्यात मुलं इतकी हसत हसत शिकलेली मी पाहिली नव्हती. तास संपल्यावर मी म्हणालो, "मिस्त्री, तुम्ही मास्तर व्हायला हवं होतं." ते म्हणाले, "नको बाप्पा. मास्तरले खरं बोला लागते, रोज."

त्यांनी ते थट्टेत म्हटलं होतं.

त्याच वर्षी पावसाळा सरता सरता गावात पिण्याच्या पाण्यासाठी सौर पंपाचं काम निघालं. बोअर आधीच होता, पण वीज कधी यायची, कधी जायची, याचा नेम नव्हता. ठरलं असं की बोअरजवळ दोन लोखंडी खांबांवर प्लेटा बसवायच्या, पंप दिवसभर उन्हावर चालेल, टाकी भरेल आणि संध्याकाळी नळाला पाणी सुटेल. गावाला पाणी आणि वरच्या अंगाला जो तांडा आहे त्यालाही पाणी. काम मिस्त्रींना मिळालं. मीच त्यांचं नाव सुचवलं होतं, हेही सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

मिस्त्रींनी काठी रोवली, खडे ठेवले, सुतळी ताणली. प्लेटांचं तोंड दक्षिणेला येईल असे खांब उभे करायची खूण केली. तेवढ्यात अप्पा आले. अप्पा म्हणजे आमच्या गावातले सगळ्यात मानाचे गृहस्थ, शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. देवभोळे, पण कुणाचं वाईट चिंतणारे नव्हेत. त्यांनी सुतळीकडे पाहिलं आणि विचारलं, "तोंड कुठं येते याचं?"

"दक्षिणेले, अप्पा."

"दक्षिणेले?" अप्पांनी हातातली काठी टेकली. "आपण दक्षिणेले तोंड करून जेवत नाई, दिव्याची वात तिकडं करत नाई. ते यमाची दिशा. अन् साऱ्या गावाच्या पाण्याचं तोंड तिकडं? पूर्वेले करा. सूर्य तं तिकूनच निघते ना."

बोअरभोवती पंधरा-वीस माणसं जमली होती. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "अप्पा, तुमी पाया पडता पूर्वेकडं तोंड करून, आमी नमाज पढतो पश्चिमेकडं. पण प्लेटीले धरम नाई. आपल्या मुलखात सूर्य दिवसभर दक्षिणेच्या अंगानं चालते, हिवाळ्यात तं लयच खाली उतरते. तोंड पूर्वेले केलं तं दुपारी सूर्य तिच्या पाठीमागं जाईन. आत्ता जाणवनार नाई. डिसेंबरात पाहा."

कुणीतरी मागून म्हणालं, "त्याले आपल्या दिशेचं काय समजते." दोघे-तिघे हसले. मिस्त्रींनी मागे वळूनही पाहिलं नाही. ते माझ्याकडे बघत होते. मग अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग सगळ्यांनी.

"सर, तुमी सायन्सचे," अप्पा म्हणाले. "पूर्वेले चालनार नाई काय?"

आमचे मुख्याध्यापक त्या मार्चला निवृत्त होणार होते. त्यांच्या जागेवर कोण, हे संस्था ठरवणार होती. संस्था म्हणजे अप्पा. मी उत्तराचा विचार करायला जेवढा वेळ घेतला, तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात सूर्य नव्हता, ही खुर्ची होती.

मी म्हणालो, "चालेल की. सकाळचं ऊन चांगलं मिळतं पूर्वेला."

हे वाक्य खोटं नव्हतं, म्हणून तर ते मला इतकं सोपं गेलं. सकाळचं ऊन चांगलं मिळतंच. मिस्त्रींनी सुतळी गुंडाळली, खडे पायाने सारले आणि म्हणाले, "बरं. गाव तुमचं." पूर्वेकडे तोंड करून त्यांनी काम इतकं चोख केलं की एक बोल्टसुद्धा तिरका नव्हता. पायथ्याशी लाल अक्षरांत नाव लिहिलं. दसऱ्याला नारळ फुटला, टाकी भरली, तांड्यातल्या नळालाही पाणी आलं. मला वाटलं, सुटलो.

कार्तिक संपला आणि सकाळी धुकं पडायला लागलं. म्हणजे ज्या सकाळच्या उन्हाच्या मी बाता मारल्या होत्या, त्यातला बराचसा भाग धुक्यातच जाऊ लागला. दुपारी दोन-अडीचला पंप धापा टाकायचा आणि बंद पडायचा. टाकी अर्धी राहायची. अर्ध्या टाकीचं पाणी खालच्या आळीतच संपायचं. तांड्यातल्या बाया पुन्हा डोक्यावर हंडे घेऊन नाल्यापलीकडच्या विहिरीवर जायला लागल्या. त्यातल्या शांताबाईंनी मला शाळेच्या फाटकापाशी गाठलं. "सर, तुमच्या नळाले पानी येते, आमच्या नळाले वारा येते. असं काहून?"

मी म्हणालो, "बघतो." मला बघायचं काहीच नव्हतं. मला माहीत होतं.

गावाने मात्र कारण शोधून काढलं. मिस्त्रीने माल बदलला. चांगल्या प्लेटा कुठेतरी विकल्या आणि आम्हाला जुन्या लावल्या. हे कोण पहिल्यांदा बोललं ते कुणालाच आठवत नाही, पण आठ दिवसांत ते सगळ्यांना पाठ झालं होतं. मिस्त्रींना फोन गेला. ते दुसऱ्याच दिवशी सकाळी मोटारसायकलवरून आले. भर दुपारपर्यंत त्यांनी एकेक प्लेट मीटर लावून दाखवली, मागच्या पट्टीवरचे नंबर वाचून दाखवले. कोण ऐकतो. शेवटी ते ताठ उभे राहिले आणि मला हाक मारली.

"मास्तर, तुमी पोरायले शिकवता. आपल्या देशात प्लेटीचं तोंड कोनत्या दिशेले पायजे?"

एका शब्दाचं उत्तर होतं. नववीच्या मुलाला येणारं. अप्पा तिथेच खुर्चीवर बसले होते. मी म्हणालो, "त्याचं असं आहे, ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असतं."

मी आयुष्यात बरंच खोटं बोललो असेन, पण त्या वाक्याइतकं शहाण्यासारखं दिसणारं खोटं दुसरं बोललो नाही. मिस्त्री माझ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या नजरेत राग असता तर मला बरं झालं असतं. एखादी मोटार आपण आज बांधून दिली आणि उद्या जळाली तर माणूस कसा बघेल, तसं ते बघत होते. मग त्यांनी बादली मागितली, फडकं ओलं केलं आणि सगळ्या प्लेटांवरची धूळ पुसून काढली, एकही न सोडता. "धूळ बसू देऊ नका," एवढंच म्हणाले आणि गाडीला किक मारली.

दुसऱ्या दिवशी खांबावरच्या लाल नावावर कुणीतरी डांबर फासलं होतं. आसपासच्या दोन गावांनी त्यांना दिलेलं काम काढून घेतलं. "चोट्टा मिस्त्री" हा शब्द मी एसटीत माझ्या कानाने ऐकला. ज्या माणसाने शिव्या खायला स्वतःहून नाव लिहून ठेवलं होतं, त्याला शिव्या मिळाल्या, पण त्या माझ्या होत्या.

जानेवारीच्या सुरुवातीला मी नववीची चाचणी घेतली. प्रश्न दरवर्षीचाच: भारतात सौरपटलाचे तोंड कोणत्या दिशेस असावे? कारण लिहा. मी पेपर तपासायला बसलो. पहिल्या पेपरात उत्तर होतं, पूर्व. दुसऱ्यात पूर्व. एकाने तर कारणही दिलं होतं, "कारण सकाळचे ऊन चांगले मिळते, असे सरांनी सांगितले." मी वर्गात दक्षिण शिकवली होती. पण मुलांनी बोअरपाशी जे पाहिलं, तिथे मी जे बोललो, ते लिहिलं होतं. लाल पेन हातात धरून मी बसून राहिलो. चूक म्हणावं तर कुणाची?

तेव्हा मी उठलो. इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की आता मास्तर सुधारला. थांबा. मी अप्पांकडे गेलो आणि म्हणालो, "अप्पा, मी थोडा अभ्यास केला. प्लेटांचं तोंड दक्षिणेला फिरवून एक प्रयोग करून पाहू."

मला वाटलं होतं, अप्पा भडकतील. अप्पा सुपारी कातरत होते. म्हणाले, "फिरवा ना मंग. मी तं तवा सहज बोललो होतो. तुमी चालते म्हटलं, म्हनून मी गप्प राह्यलो."

एवढंच. ज्या रागाला मी चार महिने भ्यालो, तो राग नव्हताच. त्या दिवशी बोअरपाशी मी एक शब्द बोललो असतो तरी अप्पा हेच म्हणाले असते. मंगरूळपीरहून एक फिटर बोलावला. त्याने दोन खांबांचे बोल्ट ढिले केले, चौघांनी धरून प्लेटा फिरवल्या, बोल्ट आवळले. सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत काम झालं. पंप त्या दिवशी चार वाजून गेले तरी चालत होता. संध्याकाळी तांड्यात पाणी पोचलं.

"सरायनं शोधून काढलं," असं गावात झालं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर अप्पांच्या हस्ते माझा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. वैज्ञानिक दृष्टिकोन वगैरे शब्द उच्चारले गेले. माझ्या हातात माइक आला. तेव्हाही एक नाव घ्यायचं होतं, फक्त एक. मी सर्वांचे आभार मानले. ग्रामस्थांचे, संस्थेचे, पालकांचे. फिटरचेसुद्धा मानले.

पंधरा-वीस दिवसांनी शेलूबाजारला चहाच्या टपरीवर मिस्त्री समोरच उभे. तोंड चुकवायला जागा नव्हती. त्यांनीच हाक मारली, चहा सांगितला. "ऐकलं, पानी आता तांड्यापर्यंत जाते."

"हो. पाच वाजेपर्यंत चालतो पंप."

"मंग झालं. बायायचे हंडे उतरले ना, बस." ते खरोखर खूश दिसत होते. मग डोळे बारीक करून म्हणाले, "शाल गरम हाये काय, मास्तर?"

मी म्हणालो, "मिस्त्री, मी सांगणार आहे सगळ्यांना. योग्य वेळ बघून सांगणार आहे."

"सांगा ना. मी कुठं पळून चाललो?"

मार्चमध्ये मी मुख्याध्यापक झालो. योग्य वेळ पुढे पुढे जात राहिली. परीक्षा, मग सुट्ट्या, मग शाळा उघडण्याची धांदल. एका सकाळी एसटी स्टँडवर कुणीतरी सहज म्हणालं की वाइंडिंगवाले युसूफ मिस्त्री गेले. दुकानातच छातीत दुखायला लागलं, अकोल्याला नेईपर्यंत राहिले नाहीत. मातीसुद्धा होऊन दोन दिवस झाले होते.

मी त्यांच्या दुकानावर गेलो. शटर अर्धं उघडं होतं. आत त्यांची मुलगी शबाना मोटारीच्या खाचांमध्ये तांब्याची तार भरत बसली होती. वाशिमला आयटीआय केलेली, चोवीस-पंचवीसची पोरगी. वडिलांसारखीच मान खाली घालून काम करणारी. तिने मला ओळखलं नव्हतं. मी गावाचं नाव सांगितलं तशी तिचा हात थांबला.

मी सगळं सांगितलं. पहिल्यांदाच, न अडखळता. सुतळी, अप्पा, मुख्याध्यापकाची खुर्ची, शाल. माझं बोलून झालं तेव्हा मला जरा हलकं वाटायला लागलं होतं, हे मी लपवत नाही. कदाचित तिला रडू येईल, कदाचित ती म्हणेल जाऊ द्या, असं काहीतरी मी मनात धरलं होतं.

"मले सांगून काय फायदा, सर?" ती म्हणाली. "मले तं मालूमच होतं. अब्बू घरी आल्याबरोबर सांगितलं होतं त्याईनं. मी म्हटलं, तुमीच काहून नाई सांगत मास्तरानं काय केलं ते? तं म्हने, मी सांगितलं तं मास्तरची पोरायमधली इज्जत जाईन. ते स्वतः सांगतीन." तिने तारेचं टोक दाताने ओढून घट्ट केलं. "तुमच्या गावात अजून अब्बू चोरच हायेत. तिथं सांगा."

मी उभा होतो. तिने पुन्हा तार भरायला घेतली. बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

त्याला सहा महिने झाले. या सहा महिन्यांत दोन ग्रामसभा झाल्या आणि दोन्ही वेळेला मला शाळेत काम निघालं. मिस्त्रींवर लिहायला बसलो तेव्हाही आधी वाटलं होतं की त्यांच्या काठीचं, त्यांच्या गमतीदार बोलण्याचं काही छानसं लिहावं. पण काठीपासून सुरू केलं की रस्ता बोअरपाशीच जातो.

परवा ग्रामपंचायतीत गेलो. पुढच्या ग्रामसभेचे विषय लिहून घेणं चाललं होतं. मी ग्रामसेवकाला म्हणालो, एक विषय माझाही घ्या.

"लिहितो, सांगा सर. काय विषय?"

"युसूफ मिस्त्री."

त्याने पेन थांबवला. "ते वारले ना, सर?"

"हो," मी म्हणालो. "तरी लिहा."